वीर्य तपासणीचा कागद कसा वाचावा?

लग्नाला दोन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही की वस्तीत कुजबूज सुरू होते आणि ती हमखास सुनेभोवतीच फिरते. तिची सोनोग्राफी होते, रक्ततपासण्या होतात, उपासतापास होतात. कुणी दुसऱ्या लग्नाची गोष्टही काढतो. नवऱ्याची एक साधी तपासणी मात्र राहून जाते. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटे अथवा स्त्रीकडील कारणासोबत, आढळते. आपल्या नालवाडीकरांना तर सोय नसल्याची सबबही सांगता येत नाही. सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत.

या विषयावर बोलणे अश्लील वाटत असेल, त्यांनी १९३४ साल आठवावे. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून उत्तरे दिली म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला, पण बाबासाहेबांना तो विषय वर्ज्य वाटला नव्हता.

आता कागदाकडे वळू. त्यावर ‘नॉर्मल’ म्हणून जे आकडे असतात ते जागतिक आरोग्य संघटनेचे असतात. २०२१ च्या आवृत्तीनुसार खालची मर्यादा अशी: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण शुक्राणू ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, त्यातले पुढे सरकणारे ३० टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के. काही प्रयोगशाळांच्या छापील कागदावर अजून जुना २ कोटींचा आकडा दिसतो, त्याने गोंधळून जाऊ नये.

हे आकडे आले कुठून? ज्यांच्या पत्नीला वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांचे वीर्य तपासले आणि सर्वांत कमी आकड्यांचे शंभरातले पाच जिथे संपतात तिथे रेघ ओढली. म्हणजे रेघेखालचे ते पाचही बापच होते! परीक्षेत ३५ गुणांना पास आणि ३४ ला नापास, तसा हा प्रकार नाही. रेघेखाली गेल्यास शक्यता घटते, वेळ जास्त लागू शकतो, इतकेच. उलट सगळे आकडे रेघेवर असले तरी मूल होईलच, अशी हमी नाही.

सर्वांत जास्त घाबरवणारा आकडा आकाराचा. ‘९६ टक्के सदोष’ असे वाचून माणूस कागद खिशात दडवतो. पण निकषच इतके कडक आहेत की निरोगी पुरुषाचेही बहुसंख्य शुक्राणू त्यात बसत नाहीत. या एकाच आकड्यावरून कोणी महागडे औषध गळ्यात मारत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे.

नमुना चुकला की कागदही चुकतो. २ ते ७ दिवस वीर्यपात टाळावा. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वाधिक असतात. ते सांडले असतील तर तसे सांगावे, लाजू नये. घरून नेताना डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून तासाभरात पोचवावी. मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डिकीत नको, बर्फातही नको.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे गेल्या महिन्यात टायफॉईड किंवा डेंग्यूचा ताप आला असेल तर आजचा आकडा कमी येऊ शकतो. तंबाखू, दारू, भट्टीजवळचे काम यांचाही परिणाम होतो. आपल्याकडचा खर्रा त्यात आलाच. शरीर कमावण्यासाठी तरुण पोरे जी हार्मोनची इंजेक्शने घेतात, त्यांनी तर शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पडू शकते. अंडकोषाच्या शिरा फुगल्या असतील तर त्यावर शस्त्रक्रिया आहे. म्हणून एका कागदावर निकाल लावू नये. दोष दिसल्यास साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

शून्य शुक्राणू आले तरी मार्गात अडथळा आहे की निर्मितीच कमी आहे, हे वेगळ्या तपासण्यांनी ठरते. अडथळा असल्यास अंडकोषातून शुक्राणू काढून उपचार करता येतात. मर्दानगीचा या आकड्याशी काही संबंध नाही. शून्य आलेल्या कित्येकांचे वैवाहिक जीवन अगदी सुरळीत असते. पहिल्या भेटीला पतिपत्नी दोघांनी जावे, आणि कागद दोघांनी मिळून डॉक्टरांकडून समजावून घ्यावा.