शरदातील दोन पौर्णिमा : कोजागरी आणि चिनी मध्यशरदोत्सव यांमागील लोककथा

पावसाळा सरून आकाश निवळते आणि शेतातील धान्य पिकू लागते, त्या दिवसांतील पौर्णिमेला आशियातील अनेक कृषिप्रधान समाजांनी उत्सवाचे रूप दिले आहे. चीनमध्ये आठव्या चांद्रमासाच्या पंधराव्या दिवशी मध्यशरदोत्सव साजरा होतो; महाराष्ट्रात आश्विन शुद्ध पौर्णिमेला कोजागरी. दोन्हीकडे चांद्रमासांचा सौर वर्षाशी मेळ घातला जात असला, तरी त्याची रीत वेगळी आहे. त्यामुळे चिनी उत्सव बहुधा भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास, तर क्वचित आश्विनी पौर्णिमेलाच येतो. २०२४ साली तो १७ सप्टेंबरला होता आणि कोजागरी १६ ऑक्टोबरला. २०२५ साली मात्र दोन्ही सण ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी आले. चंद्र एक, ऋतू एक आणि दोन्हीकडे चंद्रावर ससा. एवढ्यावरून एका सणाचे मूळ दुसऱ्यात शोधण्याचा मोह होतो. हा मोह कितपत रास्त आहे, हे कथांचे घटक वेगवेगळे करून पाहिल्यासच कळते.

प्रथम ससा. संस्कृतात चंद्राला शशी, शशांक, शशधर ही नावे आहेत. पाली जातकसंग्रहातील ३१६ वे जातक ‘ससजातक’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात ब्राह्मणाच्या वेषात आलेल्या शक्राला देण्यासाठी सशापाशी गवताखेरीज काहीच नसते, म्हणून तो स्वतःचे शरीर अग्नीत झोकून देतो. अग्नी त्याला जाळत नाही आणि शक्र पर्वत पिळून काढलेल्या रसाने सशाचे चित्र चंद्रबिंबावर रेखतो. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याने वाराणसीच्या वर्णनात या कथेचे एक रूप नोंदवले आहे. यावरून चीनचा ससा बौद्ध भिक्षूंबरोबर भारतातून गेला, असे अनुमान निघण्यासारखे आहे. परंतु चीनमध्ये मावांगदुई येथील इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील थडग्यात जे रेशमी चित्र सापडले, त्यात चंद्रकोरीवर बेडूक व ससा दोन्ही आहेत. आणि बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचला तो त्यानंतर. शिवाय दोन सशांची कामेही निराळी. भारतीय ससा देहदान करतो. चिनी ससा चंद्रावर बसून खलबत्त्यात अमरत्वाचे औषध कुटतो. चंद्रावरील डागांत सशाची आकृती दिसणे ही डोळ्यांची गोष्ट आहे. त्या सशाला काय करायला लावायचे, हे मात्र त्या त्या संस्कृतीने ठरवले आहे.

मध्यशरदोत्सवाची नायिका छांग-अ. तिच्या कथेचा जुना आराखडा इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ‘हुआयनान्-त्झ’ या ग्रंथात आढळतो. यी नावाच्या धनुर्धराने पश्चिमेच्या राजमातेकडून अमरत्वाचे औषध मिळवले. त्याच्या पत्नीने ते चोरले आणि ती चंद्राकडे पळाली. लोककथेने पुढे या चोरीला क्षमा शोधली. दहा सूर्य एकदम उगवून पिके करपू लागली, तेव्हा नऊ सूर्य बाणांनी पाडणारा वीर तो हाच पती; आणि त्याच्या दुष्ट शिष्याच्या हाती औषध पडू नये म्हणून पत्नीने ते स्वतःच गिळले, असे नंतरच्या रूपांतरात सांगतात. चोर ठरलेली स्त्री येथे त्यागिनी झाली. कथा बदलली तरी शेवट बदलला नाही : ती वर, तो खाली आणि मधे चंद्रप्रकाश. म्हणूनच या सणाचा भाव पुनर्मीलनाचा आहे. गोल चांद्रपोळी कापून घरातील सर्वांनी वाटून खायची. सतराव्या शतकातील पेकिंगच्या एका वर्णनग्रंथात तर अशी नोंद आहे की, माहेरी गेलेल्या विवाहितेने या दिवशी पतीच्या घरी परतलेच पाहिजे.

कोजागरीची देवता याच्या उलट दिशेने चालते. छांग-अ पृथ्वीवरून चंद्राकडे जाते. लक्ष्मी मध्यरात्री चांदण्यातून पृथ्वीवर उतरते आणि ‘को जागर्ति’, कोण जागे आहे, असे विचारीत दारोदार फिरते. व्रतकथेतील वलित नावाचा दरिद्री ब्राह्मण घरच्या कलहाला कंटाळून रानात निघून जातो. आश्विन पौर्णिमेच्या रात्री नागकन्या त्याला द्यूत खेळायला बसवतात आणि तो हरत जातो. पण जागा असतो, म्हणून लक्ष्मीची कृपादृष्टी त्याच्यावर पडते. कथेत त्याच्या विद्वत्तेचे किंवा तपाचे फळ त्याला मिळत नाही. मिळते ते जागेपणाचे. ज्याच्या दारी धान्य येऊ घातले आहे, त्या कुटुंबाची आशा आणि धास्ती या प्रश्नात एकवटली आहे.

स्त्रियांच्या परंपरेत या पौर्णिमेला आणखी एक पदर आहे. खानदेश व विदर्भात भाद्रपद पौर्णिमेला बसवलेल्या भुलाबाईची बोळवण कोजागरीला होते. शंकर-पार्वतीने भिल्ल-भिल्लिणीचे रूप घेतल्याच्या कल्पनेवर उभा असलेला हा खेळ म्हणजे माहेरपणाचा महिना. त्यातील गाणी सासर-माहेरच्या तक्रारींनी आणि थट्टेने भरलेली आहेत. चिनी विवाहितेला ही पौर्णिमा सासरी बोलावते, तर भुलाबाईच्या माहेरपणाची ती शेवटची रात्र ठरते. दोन्ही ठिकाणी चंद्राखाली बसलेली स्त्री दोन घरांच्या उंबरठ्यावरच उभी आहे. हे साम्य उसनवारीचे नसून समान समाजरचनेचे आहे.

या सर्व कथांच्या खाली विधीचा थर आहे आणि तो अधिक जुना आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात आश्विन पौर्णिमेचे ‘आश्वयुजी’ कर्म सांगितले आहे : घर सजवावे, स्नान करून शुभ्र वस्त्रे नेसावी, पशुपतीला शिजवलेले अन्न आणि दूध-तुपाचे मिश्रण असलेले पृषातक अर्पण करावे. यात लक्ष्मीचा प्रश्न नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘कौमुदीजागर’ हा उत्सव येतो; त्यात जागरण आहे, पण व्रत नाही. कोकणात कोजागरीला नवान्न पौर्णिमा म्हणतात. लवकर तयार होणाऱ्या हळव्या भाताच्या लोंब्या, नाचणी, आंब्याची पाने आणि फुले एकत्र बांधून ते ‘नवे’ दाराला लावायचे, नव्या तांदळाचा भात किंवा खीर देवाला दाखवायची, असा हा आचार आहे. गोव्यात हाच भाव भाद्रपद शुद्ध पंचमीला, नव्याच्या पंचमीला प्रकट होतो. तेथील ख्रिस्ती समाजही कणसांचा सण पाळतो आणि राय गावी तो ५ ऑगस्टला येतो. तिथी, देवता व धर्म वेगळे असले, तरी पहिली लोंबी आधी पवित्र करून मग खायची, हा नियम एकच आहे.

चीनमध्येही हाच क्रम दिसतो. शरदात चंद्राला बळी अर्पण करण्याचा राजविधी प्राचीन असून त्यासाठी पेकिंगमध्ये १५३० साली चंद्रवेदी बांधली गेली. चांद्रपोळीत संदेश लपवून मंगोल सत्तेविरुद्ध उठाव केल्याची कथा लोकप्रिय आहे. पण १३६८ मध्ये संपलेल्या त्या राजवटीच्या समकालीन साधनांत तिला आधार नाही. पोळी आधीची, कथा मागाहूनची. त्याचप्रमाणे आश्विन पौर्णिमेचे दूध आधीचे आणि लक्ष्मीची फेरी मागाहूनची. म्हणून ‘हा सण या घटनेमुळे सुरू झाला’ असे सांगणाऱ्या लोककथेला इतिहास मानणे चुकीचे आणि खोटी म्हणून टाकून देणेही तितकेच चुकीचे. विधी का सुरू झाला, हे ती सांगत नाही. त्या विधीत पुढच्या पिढ्यांना काय दिसले, हे सांगते. चिनी मनाला त्यात ताटातूट दिसली, मराठी मनाला दारावरून निघून जाऊ शकणारी समृद्धी.

शेतापासून दूर गेलेल्या वस्तीत या भेदाची कसोटी लागते. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली नव्या महाराष्ट्र सदनाचे उद्घाटन झाले. अशा राजमार्गावर ना खळे, ना लोंबी. उत्तरेकडील पंचांग पौर्णिमान्त आणि महाराष्ट्राचे अमान्त असले, तरी शुक्लपक्षात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच राहते. त्यामुळे शेजारची ‘शरद पूर्णिमा’ आणि मराठी घरातील कोजागरी एकाच रात्री येतात. शेजारी खीर रात्रभर चांदण्यात ठेवतो. मराठी कुटुंब केशर-चारोळी घालून आटवलेल्या दुधात चंद्राचे प्रतिबिंब पाहते. धान्य दोघांनाही दुकानातूनच आणावे लागते. नवान्नाचा आचार येथे टिकवणे कठीण आहे, कारण त्याला स्वतःच्या शेतातील पहिली लोंबी लागते. जागरणाला मात्र गच्ची आणि दूध पुरते. म्हणून नगरात कोजागरीची कथा उरली आणि तिच्या खालचा विधी विरळ झाला. कोकणातील ज्या घरांच्या चौकटीवर ‘नवे’ अजून बांधले जाते, तेथील आचारांची गाववार नोंद वेळीच होणे म्हणूनच अगत्याचे आहे. कथा ग्रंथांतून पुन्हा मिळेल, बांधणीची रीत मिळणार नाही.