आवराआवर आणि बोहारीण

अमेरिकेत आलो तेव्हा आम्हा दोघांच्या मिळून चार बॅगा होत्या, प्रत्येकी २३ किलोच्या. बारा वर्षांनंतर आमच्या गराजमध्ये गाडी सोडून सगळं मावतं. दोघंही सॉफ्टवेअरवाले. जुना कोडसुद्धा आमच्याने डिलीट होत नाही, कॉमेंट करून ठेवतो. मग मिक्सरची जुनी भांडी कशी टाकणार?

मागच्या वर्षी मदतीसाठी कपडे गोळा करायचं ठरलं, तेव्हा आम्ही सहा पिशव्या भरून दिल्या आणि मोठं पुण्य केल्याच्या थाटात घरी आलो. शनिवारी कपडे निवडायला मदत करायला गेलो, तर आमच्याच पिशव्या आमच्याच पुढ्यात! हळदीचे डाग, तुटलेल्या चेन, जोडीदार हरवलेले मोजे. निम्म्याहून जास्त माल कचऱ्यात गेला आणि त्यापायी चार माणसांची सकाळ गेली. पिशव्या कुणाच्या, हे आम्ही शेवटपर्यंत बोललो नाही.

तेव्हा लहानपणीची बोहारीण आठवली. ती साडी उजेडाकडे धरायची, विरलेली जागा बोटाने दाखवायची आणि पातेलं मागे सारून वाटी पुढे करायची. आई कितीही घासाघीस करो! रद्दीवाला, भंगारवाला, सगळेच वस्तू पारखून घ्यायचे. इथे दानपेटीत पिशवी टाकली की कोणी काही विचारत नाही. म्हणजे पारख आपणच घरी करायची.

आता प्रत्येक कपडा आम्ही खिडकीशी धरून बघतो. पाहुण्याला घालायला देऊ का, एवढाच प्रश्न. इथला करकायदाही २००६ पासून साधारण हेच म्हणतो: कपडे चांगल्या, वापरण्याजोग्या स्थितीत असतील तरच वजावट. (तीही सगळ्या वजावटी एकेक करून दाखवणाऱ्यांनाच, त्यामुळे फार हुरळून जाऊ नका.)

मुलांच्या सामानात मात्र नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही. कार सीटच्या प्लास्टिकवर मुदत छापलेली असते, ती उलटली असेल तर सीट कोणालाही देऊ नये. एका मित्राकडून आलेलं, बाजूचा कठडा खाली सरकणारं क्रिब आम्ही जपून ठेवलं होतं. तसली क्रिब विकायला २०११ पासून बंदी आहे, कारण कठडा निखळून त्यात बाळं अडकून दगावली होती. आम्ही ते स्क्रू काढून, तोडूनच टाकलं. आईबाबांनी भारतातून आणलेली उरलेली औषधंही दानात नकोत. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये औषधं परत घेण्याचे दिवस असतात, तेव्हा नेऊन द्यावीत.

कागदांचं उलटं. तिथे टाकायची घाई नडते. टॅक्सच्या आधाराचे कागद साधारणपणे रिटर्न भरल्यापासून तीन वर्षं ठेवले की बहुतेकांचं भागतं. पण जुने पासपोर्ट आणि आय-७९७ कधीच टाकू नका. आमचं एक आय-७९७ पिझ्झाच्या कूपनांच्या गठ्ठ्यात निघालं, श्रेडरपासून हातभर अंतरावर! त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गराजमध्ये आता गाडी राहते, जरा तिरकी लावावी लागते इतकंच. मागच्या भिंतीशी पहिल्या चारांपैकी एक बॅग अजून आहे. आत आईच्या तीन साड्या. एक उजेडाकडे धरली तर पार विरलेली आहे. ती बॅग आम्ही पुन्हा बंद करून ठेवली.