कॉन्फिगरचा 'नो' वाचा!

तयार लिनक्स टाकायचं म्हणजे नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. पण जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे पुस्तक घेऊन बसलात, तर एकेक पॅकेज सोर्स कोडपासून स्वतः बांधावं लागतं. मे महिन्याच्या सुट्टीत खारबावला घरी मी तेच केलं.

बहुतेक पॅकेजेसना तीन कमांड्स: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. सगळे घाबरतात मेकला, कारण वेळ तेच खातं. (आमच्याकडे मध्येच लाइट गेली. काही बिघडत नाही; मेक फाइलींच्या वेळा ताडून बघतं आणि बहुधा उरलेलंच कंपाइल करतं.) खरी चूक होते ती कॉन्फिगरमध्ये.

कॉन्फिगर ही शेल स्क्रिप्ट. ती कंपायलर, हेडर फाइल्स, लायब्ररीज तपासून मेकफाइल लिहिते. स्क्रीनवर 'चेकिंग फॉर अमुक... येस', 'तमुक... नो' अशा ढिगाने ओळी पळतात. मेख अशी, की 'नो' म्हणजे एरर असेलच असं नाही. अत्यावश्यक गोष्ट नसेल तर स्क्रिप्ट थांबते. ऐच्छिक असेल तर ते फीचर गुपचूप वगळून पुढे जाते, आणि आठवड्याने कळतं की हवं ते आत नाहीच. म्हणून आधी 'हेल्प' देऊन पर्यायांची यादी वाचावी. जे हवंच आहे ते 'एनेबल' किंवा 'विथ' लावून मागावं. मग सापडलं नाही तर पुष्कळ स्क्रिप्ट्स निदान तक्रार तरी करतात. अडलात तर कॉन्फिग-लॉग उघडा. त्याच्या शेवटी नुसती व्हेरिएबल्सची यादी असते, खरी एरर तिच्या वर सापडते.

माझं घोडं अडलं मराठीवर. पुस्तकात जीलिबसीसाठी लोकेल्सची किमान यादी दिली आहे. तीत तमिळ आहे, मराठी नाही! जीलिबसीकडे मराठीची माहिती असते, पण 'लोकेलडेफ' कमांड देऊन मराठी लोकेल आपणच तयार करायचं. मी मात्र यादी न वाचताच टाइप करून मोकळी झाले होते. ते सुधारलं तरी कन्सोलवर वाराच्या जागी चौकोनच. कारण लिनक्सच्या साध्या कन्सोलला देवनागरी जुळवता येत नाही. वेलांटी अक्षराआधी नेणं, 'क' आणि 'ष'चा 'क्ष' करणं हे हार्फबझ नावाच्या लायब्ररीचं काम. म्हणजे ग्राफिकल डेस्कटॉप आणि देवनागरी फॉन्ट आलाच.

इथे आणखी गंमत. माझ्याकडच्या आवृत्त्यांत हार्फबझला फ्रीटाइप हवं आणि फ्रीटाइपला हार्फबझ! मग आधी फ्रीटाइप हार्फबझशिवाय बांधायचं, नंतर हार्फबझ, आणि पुन्हा एकदा फ्रीटाइप. हार्फबझ आता कॉन्फिगरऐवजी मेसन वापरतं. पण तिथेही शेवटी येस-नोचा तक्ता येतोच. या वेळी मी तो बोट ठेवून वाचला.

शेवटी 'डेट' कमांड दिली आणि वार मराठीत आला. आजीने चष्मा लावून वाचला नि विचारलं, "हे आधी नव्हतं का गं?"