दवाखान्याची खिडकी

दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी भेटते ती केसपेपर काढणारी व्यक्ती. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेसाठी येरमाळ्यात गर्दी उसळते, तेव्हा तिची खरी कसोटी. नंबर पाळणे हा न्याय. पण छातीत कळ आलेल्याला आधी आत सोडणे, हाही न्यायच. आजार मात्र सर्वांदेखत मोठ्याने विचारू नये. लाजेने तशाच परत गेलेल्या बाया मला ठाऊक आहेत.

मार्क १०:४६-५२ वाचा. आंधळ्या बार्तीमयला लोक दटावून गप्प बसवू पाहत होते. येशू थांबला, त्याला बोलवा म्हणाला. मग दटावणारी तीच गर्दी त्याला धीर देऊ लागली. आपली जी मुले-मुली अशा खिडकीत बसतात, त्यांनी सोमवारी कामावर जाण्यापूर्वी हा उतारा जरूर वाचावा.