मेंढपाळाचा राखणदार

अमरावतीजवळ पेढी नदीकाठी वसलेल्या वलगावसारख्या गावांच्या शिवारात पिके निघाल्यावर मेंढ्या बसविण्याची रीत जुनी आहे. शेतकऱ्यास लेंडीखत लाभते, मेंढपाळास धान्य वा पैसा मिळतो. या व्यवहारात रात्रभर जागणारा तिसरा भागीदार म्हणजे मेंढपाळाचा कुत्रा होय.

हाकणारा आणि राखणारा

कळपाचे कुत्रे प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागातील बॉर्डर कॉली हा कळप हाकणारा कुत्रा. १८९३ साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा त्याचा मूळपुरुष मानला जातो. जातीचे नाव १९१५ मध्ये रूढ झाले. आपल्याकडील धनगरी कुत्र्याचे मुख्य काम मात्र राखणीचे आहे. पिलू मेंढ्यांच्या सहवासात वाढते आणि कळपालाच आपले कुटुंब मानू लागते. लांडग्याची चाहूल लागताच ते भुंकून मालकास उठविते. कोकरांना चावणारा कुत्रा मेंढपाळ ठेवीत नाही. सावध कुत्रीची पिले मात्र आवर्जून वाढवितो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या निवडीतूनच हा कुत्रा घडला.

परंपरेतील स्थान

ऋग्वेदात पणींनी लपविलेल्या गाईंचा माग काढणारी सरमा ही इंद्राची कुत्री होती. धनगरांचे आराध्यदैवत खंडोबा याच्यासमवेत कुत्रा असतो, आणि जेजुरीचे वाघ्ये स्वतःस त्याचे कुत्रे म्हणवितात. धनगरांच्या दैवतांचा अभ्यास करणारे जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी हे लोकजीवन जगापुढे मांडले.

असे असूनही धनगरी कुत्र्याची वंशावळ कोणी लिहून ठेवली नाही. मुधोळच्या शिकारी कुत्र्यास घोरपडे संस्थानिकांचा आश्रय लाभला, म्हणून त्याचा इतिहास उरला. मेंढपाळाच्या कुत्र्यास असा राजाश्रय नव्हता.

जतनाची गरज

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने मुधोळ, राजपालयम व चिप्पीपराई या जातींनंतर २०२५ मध्ये हिमाचल प्रदेशातील मेंढपाळांच्या गद्दी कुत्र्याची नोंद केली. राखणदार कुत्र्यासही शास्त्रीय मान्यता मिळू शकते, हे त्यावरून दिसते. महाराष्ट्रातील कुत्र्यांचीही बांधा, रंग व स्वभाव यांनुसार पद्धतशीर पाहणी व्हावयास हवी.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये लांडग्यास संरक्षण आहे. कुत्रा सावध असला तर मेंढी वाचते आणि लांडग्यावर विष वा काठी चालविण्याची वेळ येत नाही. तथापि, त्याच कुत्र्यापासून रेबीज व डिस्टेंपर हे रोग लांडग्यांत पसरू शकतात. पुणे परिसरात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले. म्हणून मेंढपाळ बंधूंनी आपल्या कुत्र्यांना पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर लस टोचून घ्यावी आणि त्यांचे निर्बीजीकरण वा प्रजनन पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावे. जो रात्रभर आपली मेंढरे राखतो, त्याची राखण करणे हे आपले कर्तव्य आहे.