देवराष्ट्र्याचे यशवंतराव

देवराष्ट्रे हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात होते. या गावी, आजोळच्या घरी, १२ मार्च १९१३ रोजी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव यशवंत. हेच पुढे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते दिल्लीत वारले. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली, तरी लोक त्यांची आठवण काढतात. का काढतात, ते आपण या पाठात पाहू.

घर गरिबाचे होते. वडील कराडच्या कोर्टात बेलीफ होते. कोर्टाचे कागद लोकांना नेऊन देणे, हे बेलिफाचे काम. यशवंत लहान असतानाच वडील वारले. आई विठाबाईंवर सारा भार पडला. आईला अक्षर येत नव्हते. पण तिच्या मनाने एक पक्के धरले होते, की आपण शिकलो नाही तरी पोरं शिकली पाहिजेत. थोरला भाऊ नोकरीला लागला. त्याने घर सांभाळले, म्हणून धाकट्याला शाळेत जाता आले.

शाळेत एकदा गुरुजींनी मुलांना विचारले, “तुम्ही मोठेपणी कोण होणार?” कुणी एका थोर माणसाचे नाव लिहिले, कुणी दुसऱ्याचे. यशवंताने आपलेच नाव लिहिले. गुरुजींना नवल वाटले. पण त्या मुलाचे म्हणणे साधे होते. दुसऱ्यासारखे कशाला व्हायचे? आपण आपल्यासारखे मोठे व्हावे.

तो स्वातंत्र्याच्या लढ्याचा काळ होता. १९३२ साली यशवंताला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. अजून तो मॅट्रिकही झाला नव्हता. अटकेत असताना आई भेटायला आली. बरोबर ओळखीचे एक मास्तर होते. मास्तर म्हणाले, माफी मागितली तर पोरगा सुटेल. आईला ते मुळीच रुचले नाही. माफी मागायची नाही, तब्येतीला जप, एवढेच तिने मुलाला सांगितले. अक्षर न येणाऱ्या आईने मुलाला हा मोठा धडा दिला.

येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवत, रावसाहेब पटवर्धन अशी विद्वान मंडळी होती. ती तरुण कैद्यांना पुस्तके वाचून दाखवीत, समजावून देत. तुरुंग होता, पण यशवंताला ती शाळाच झाली. बाहेर आल्यावर ते मॅट्रिक झाले, पुढे बी. ए. झाले, वकील झाले. १९४६ साली ते आमदार म्हणून निवडून आले.

आता पाहा. आईने धीर दिला, भावाने भार उचलला, थोरांनी शिकवले. इतक्या जणांनी हात दिला, तेव्हा एक गरिबाचा पोर पुढे आला. यशवंतराव हे विसरले नाहीत. सत्ता हाती आली तेव्हा त्यांनी दुसऱ्यांना हात दिला.

ज्या घरचे वर्षाचे उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत, त्या घरच्या मुलांची फी त्यांनी माफ केली. ‘पैसा नाही, शिकायचं कसं?’ असे म्हणणारी कितीतरी मुले त्यामुळे कॉलेजात गेली. महारवतनाची चालही १९५८ सालच्या कायद्याने बंद झाली. त्या वतनापायी महार बांधवांना थोडक्या मोबदल्यात रात्रंदिवस गावची कामे करावी लागत. हे वतन जावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर फार वर्षे झगडले होते.

यशवंतरावांवर लोक रागावलेही. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून आंदोलन चालले होते. त्यात शंभरावर माणसांनी प्राण दिले. त्या वेळी यशवंतराव आंदोलनात गेले नाहीत, ते काँग्रेसबरोबर राहिले. लोकांनी त्यांना फार बोल लावले. पुढे दिल्लीची समजूत घालण्याच्या कामी त्यांनीही खटपट केली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. ज्या लोकांनी बोल लावले होते, त्यांनाही बरोबर घेऊन त्यांनी कारभार केला.

१ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. शाळा, रस्ता, दवाखाना यांचा कारभार गावाकडच्या माणसांच्या हाती आला. शेतकऱ्याची पोरे तिथे कारभार शिकली. तासगाव तालुक्यातील अंजनी गावचे आर. आर. पाटील गरीब घरचे. ते आधी जिल्हा परिषदेत निवडून आले, नंतर आमदार झाले, पुढे उपमुख्यमंत्री झाले.

चीनने १९६२ साली हल्ला केला, तेव्हा यशवंतराव देशाचे संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, असे लोक म्हणू लागले. दिल्लीत गेल्यावरही तरुण माणसे पारखून पुढे आणण्याचे काम त्यांनी सोडले नाही. १९६७ साली बारामतीहून शरद पवार पहिल्यांदा आमदार झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते. यशवंतराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते.

कराडला कृष्णा आणि कोयना या नद्या मिळतात. त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. तिथे यशवंतरावांची समाधी आहे. त्यांनी जमवलेली पुस्तकेही कराडला जपून ठेवली आहेत. नाशिकला १९८९ साली मुक्त विद्यापीठ निघाले, त्याला त्यांचे नाव दिले. शेती किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ते आहे.

पुढाऱ्याचा मोठेपणा कशावरून ओळखावा? तो किती उंच गेला, यावरून नव्हे. त्याने किती जणांना वर घेतले, यावरून. आणि हे काम पुढाऱ्याचेच आहे असे नाही. आपल्याला आज जेवढी अक्षरे येतात, तेवढी शेजाऱ्याला शिकवणे आपल्याही हाती आहे.

सांगा आणि लिहा
१. विठाबाईंनी मुलाला काय सांगितले?
२. यशवंतरावांना कोणाकोणाची मदत झाली?
३. तुम्हाला कोणी हात दिला? त्यांचे नाव स्वतः लिहा. तुम्ही कोणाला हात द्याल? त्याचेही नाव खाली लिहा.