फाईल उघडण्याचा अधिकार

संगणकाच्या पडद्यावरील फाईलच्या चिन्हावर लागोपाठ दोन टिचक्या मारल्या की ती फाईल उघडते. ही कृती इतकी अंगवळणी पडलेली असते की, फाईल आपण होऊनच उघडली असा भास होतो. वस्तुतः कोणतीही फाईल आपण होऊन उघडत नाही. फाईल हा केवळ अंकांचा साठा होय. त्या अंकांना पत्राचे, छायाचित्राचे अथवा गाण्याचे रूप देणारा प्रोग्रॅम निराळा असतो, आणि कोणत्या जातीची फाईल कोणत्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन करावयाची याची नोंद संगणकाने अगोदरच करून ठेवलेली असते. टिचकी पडताच ती नोंद वाचली जाते, एवढेच.

नेहमीच्या पद्धतीने प्रोग्रॅम संगणकावर बसविला जातो, तेव्हा बसविण्याच्या क्रियेतच ही नोंद होऊन जाते. नवा रहिवासी गावात येतो, घर बांधतो आणि गावच्या दप्तरात आपले नाव लावून घेतो, तसाच हा प्रकार आहे. पोर्टेबल सॉफ्टवेअरची रीत याच्या उलट. त्याचा सारा संसार एका फोल्डरात मावतो: प्रोग्रॅम तेथेच, त्याच्या मांडणीच्या आवडीनिवडी तेथेच आणि गरजेच्या उपफायलीही तेथेच. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावा, कोणत्याही संगणकाला जोडावा, काम करावे आणि काढून न्यावा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी त्याची स्थिती असते. दप्तरात नाव न लावणे हा त्याचा दोष नसून तेच त्याचे व्रत आहे.

येथूनच अडचणीला आरंभ होतो. ज्याला हा फिरता प्रोग्रॅम आवडला, त्याला साहजिकच वाटते की, आपल्या फायली टिचकीसरशी यातच उघडाव्यात. परंतु टिचकी दप्तर पाहते आणि दप्तरात या प्रोग्रॅमचे नाव नाही. ते लावावे, तर ज्या गुणासाठी हा प्रोग्रॅम निवडला त्या गुणाला काही अंशी तरी मुकावे लागते. हे काम करण्याची कृती दोन मिनिटांची आहे; पण ती केव्हा करावी, केव्हा करू नये आणि केली तर ती टिकावी कशी, हे समजण्यासाठी दप्तराची घडण थोडी पाहिली पाहिजे.

फाईलच्या नावात टिंबानंतर येणारी दोनचार अक्षरे ही या व्यवस्थेची किल्ली होय. त्यांना फाईलचे एक्स्टेन्शन असे म्हणतात. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये रचलेल्या सीपी/एम या कार्यप्रणालीत नावासाठी आठ अक्षरे आणि प्रकारासाठी तीन अक्षरे अशी मर्यादा होती. १९८१ च्या एमएस-डॉसने तीच पुढे चालविली. मॅकिन्टॉश संगणकाने १९८४ मध्ये निराळा मार्ग धरला होता. तेथे प्रत्येक फाईलबरोबर चार अक्षरांचे दोन संकेत गुप्तपणे जपले जात, एक तिच्या प्रकाराचा आणि दुसरा तिला जन्म देणाऱ्या प्रोग्रॅमचा. ही कल्पना अधिक देखणी होती यात शंका नाही. पण जगातील बहुसंख्य संगणकांवर टिंबाची रीतच रूढ झाली.

विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कोणत्या एक्स्टेन्शनला कोणता प्रोग्रॅम, याची यादी एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये त्यासाठी रजिस्ट्री नावाचे स्वतंत्र दप्तर आले आणि विंडोज ९५ पासून संगणकाचा बहुतेक कारभारच त्या दप्तरात गेला. आजही टिचकी पडल्यावर घडते ते असे: विंडोज शेवटच्या टिंबापुढची अक्षरे घेते, त्या अक्षरांपुढे कोणत्या वर्गाचे नाव लिहिले आहे ते पाहते, त्या वर्गाखाली ‘उघडा’ या क्रियेसाठी दिलेली आज्ञा शोधते आणि ती चालविते. ही आज्ञा म्हणजे प्रोग्रॅमचा संपूर्ण पत्ता आणि त्यापुढे टक्क्याचे चिन्ह व १ हा आकडा. त्या चिन्हाच्या जागी उघडावयाच्या फाईलचे नाव भरले जाते. पत्ता शब्दशः लिहिलेला असतो, ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ तीत आहे.

नोंद कोणाची यावर किती काही अवलंबून असते, हे ४ मे २००० रोजी जगाला फार महागात कळले. त्या दिवशी ईमेलमधून प्रेमपत्राच्या नावाने एक फाईल फिरू लागली. तिच्या नावात अगोदर मजकुराच्या फाईलचे एक्स्टेन्शन होते आणि त्यापुढे, अगदी शेवटी, व्हीबीएस ही अक्षरे होती. ओळखीची एक्स्टेन्शने लपविण्याची विंडोजची मूळ मांडणी असल्यामुळे शेवटची अक्षरे बहुतेकांना दिसलीच नाहीत. व्हीबीएस फाईल म्हणजे आज्ञांची यादी. दप्तरात तिच्यापुढे त्या आज्ञा अमलात आणणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव होते. म्हणून टिचकी मारणाऱ्याने पत्र उघडले नाही, तर हल्ला सुरू केला. यानंतर सुचविले गेलेले उपाय मार्मिक होते. त्यांपैकी एक असा की, या जातीच्या फायली नोटपॅडशी जोडून टाकाव्यात. तीच फाईल, तीच टिचकी. पण नोंद बदलली की हल्ल्याऐवजी निरुपद्रवी मजकूर पडद्यावर येतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस ८ मेगाबाइट क्षमतेचा पेन ड्राइव्ह बाजारात विक्रीस आला. पुढे क्षमता वाढत गेली आणि संपूर्ण प्रोग्रॅम खिशातून नेणे शक्य झाले. २००४ मध्ये जॉन हॅलर यांनी फायरफॉक्स ब्राउझरची पोर्टेबल आवृत्ती तयार केली आणि तीतून पोर्टेबलअ‍ॅप्स हा मोठा संग्रह उभा राहिला. महाविद्यालयाची प्रयोगशाळा, सायबर कॅफे, कचेरीतील यंत्र अशा ज्या ठिकाणी नवा प्रोग्रॅम बसविण्याची मुभा नसते, तेथे वावरणाऱ्यांना ही सोय विशेष मोलाची वाटली.

आता प्रत्यक्ष कृती. उदाहरणादाखल सुमात्रा पीडीएफ हा छोटा, मोफत वाचक-प्रोग्रॅम घेऊ. त्याची पोर्टेबल आवृत्ती एकाच फाईलची असते आणि आपल्या मांडणीची नोंद ती शेजारच्याच एका मजकुराच्या फाईलमध्ये ठेवते. पीडीएफ फाईलवर माउसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, ‘ओपन्स विथ’ या शब्दांपुढील ‘चेंज’ हे बटण दाबावे आणि येणाऱ्या यादीच्या तळाशी जाऊन संगणकावरील प्रोग्रॅम स्वतः शोधण्याचा पर्याय निवडावा. मग आपल्या फोल्डरातील प्रोग्रॅमवर बोट ठेवावे आणि ही निवड कायमची असल्याचे सांगावे. यासाठी व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द लागत नाही, कारण ही नोंद संगणकाच्या सामाईक भागात न होता त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या खात्यात होते. त्याच यंत्रावर दुसऱ्या नावाने काम करणाऱ्याला तिचा उपसर्ग पोहोचत नाही.

कृती सोपी खरी, पण ती टिकत नाही अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्याचे एक कारण नावात दडलेले असते. सुमात्रा उतरवून घेतला असता त्याच्या फाईलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असतो. काही महिन्यांनी नवी आवृत्ती येते, जुनी फाईल काढून टाकली जाते आणि दप्तरातला पत्ता मात्र जुन्याच नावाचा राहतो. म्हणून जोडणी करण्यापूर्वीच फाईलला क्रमांकाविना साधे नाव द्यावे आणि फोल्डरच्या नावातही क्रमांक ठेवू नये. पुढे नवी आवृत्ती त्याच नावाने त्याच जागी ठेवली की पत्ता अबाधित राहतो.

दुसरे कारण पेन ड्राइव्हचे अक्षर. आज ‘ई’ म्हणून ओळखला गेलेला ड्राइव्ह उद्या दुसरे काही अगोदर जोडलेले असेल तर ‘एफ’ होतो, आणि पत्ता पुन्हा चुकतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला वर्णमालेच्या शेवटाकडील एखादे अक्षर दिले, तर तो संगणक ते लक्षात ठेवतो. मात्र ते लक्षात ठेवणे त्या एका यंत्रापुरतेच असते. शेजारच्या यंत्राला त्याची वार्ता नसते. स्वतःच्या संगणकावर रोज वापरावयाचा पोर्टेबल प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर न ठेवता डिस्कवरील एका कायम फोल्डरात ठेवावा, हा सर्वांत सरळ तोडगा होय. त्यासाठी ‘प्रोग्रॅम फाइल्स’ हा फोल्डर मात्र टाळावा. तेथे सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते आणि ज्या प्रोग्रॅमला आपल्या आवडीनिवडी आपल्याच फोल्डरात लिहावयाच्या आहेत त्याची तेथे कुचंबणा होते.

तिसरा घोटाळा भल्याभल्यांना चकवितो. यादीतून प्रोग्रॅम निवडला जातो, बटण दाबले जाते आणि काहीच घडत नाही. प्रोग्रॅमचे नाव यादीत उमटतच नाही. विंडोज अशा प्रोग्रॅमची नोंद त्याच्या फाईलच्या नावाने करते. त्याच नावाची जुनी नोंद दप्तरात असेल आणि तिच्यातील पत्ता आता अस्तित्वात नसेल, तर नवी निवड त्या मृत नोंदीवर अडकून पडते, आणि विंडोज त्याविषयी चकार शब्द काढीत नाही. रजिस्ट्रीत जाऊन तो पत्ता दुरुस्त करता येतो. पण ज्याला त्या दप्तरात हात घालण्याची धास्ती वाटते, आणि ती वाटणे शहाणपणाचेच आहे, त्याने प्रोग्रॅमच्या फाईलचे नाव किंचित बदलून ती पुन्हा निवडावी. नव्या नावाची नवी नोंद होते आणि काम मार्गी लागते.

पोर्टेबलअ‍ॅप्सच्या संग्रहातील प्रोग्रॅमांबाबत आणखी एक खबरदारी लागते. त्यांच्या फोल्डरात चालू करता येण्याजोग्या दोन फायली आढळतात. बाहेरची फाईल दारावरच्या कारभाऱ्यासारखी असते. ती आवडीनिवडींची जागा फोल्डरातच लावून देते आणि मग आतल्या मूळ प्रोग्रॅमला हाक मारते. जोडणी करताना आतली फाईल निवडली, तर प्रोग्रॅम चालतो, चुकल्याचे लक्षातही येत नाही. परंतु त्याच्या आवडीनिवडी यजमान संगणकावर लिहिल्या जाऊ लागतात. जोडणी नेहमी बाहेरच्या फाईलशीच करावी.

प्रोग्रॅमने स्वतःच आपली नोंद का करून घेऊ नये, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. एके काळी ते सर्रास चाले, आणि त्याचे फळ चांगले नव्हते. गाणी वाजविणारे दोन प्रोग्रॅम एकाच संगणकावर असले की दोघेही चालू होताना सर्व गाण्यांवर आपला हक्क लावीत. सकाळी एकाचे राज्य, दुपारी दुसऱ्याचे. २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या विंडोज व्हिस्टाने वापरकर्त्याच्या निवडीला दप्तरात स्वतंत्र आणि वरचे स्थान दिले. २०१२ च्या विंडोज ८ पासून त्या निवडीबरोबर गणिताने काढलेला एक ठसा जोडला जाऊ लागला. कोणी परस्पर नोंद बदलली तर ठसा जुळत नाही आणि नोंद बाद होते. म्हणजे निवड माणसाच्या हातानेच व्हावी असा बंदोबस्त झाला. तथापि बंदोबस्त करणारा स्वतःही स्पर्धेत उभा असतो, हे विसरता येत नाही. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा मोझिलाचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेला यांना अनावृत पत्र लिहिले. नव्या विंडोजमध्ये वापरकर्त्यांनी पूर्वी केलेली निवड टिकविणे अवघड केले आहे, अशी त्यांची तक्रार होती. विंडोज ११ मध्येही २०२१ साली प्रत्येक एक्स्टेन्शनसाठी निराळी निवड करावी लागे. ब्राउझरपुरती ती एका बटणावर आणण्यासाठी २०२२ उजाडावे लागले.

ब्राउझरचे प्रकरण एरव्हीही वेगळे आहे. फाईलची जोडणी वर सांगितलेल्या रीतीने होते. परंतु इंटरनेटवरील दुवे उघडण्याचा मान मिळविण्यासाठी प्रोग्रॅमचे नाव नोंदणीकृत प्रोग्रॅमांच्या यादीत असावे लागते. पोर्टेबल ब्राउझर त्या यादीत नसतो, म्हणून निवडीच्या पडद्यावर तो दिसत नाही. लिनक्सवर ही व्यवस्था अधिक उघडी आहे. तेथे अ‍ॅपइमेज या जातीचे पोर्टेबल प्रोग्रॅम मिळतात. त्यांच्यासाठी वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरात काही ओळींची एक वर्णनपर फाईल लिहिली आणि ती कोणत्या जातीच्या फायली हाताळते हे तीत नमूद केले की पुरते.

राहता राहिला परक्या संगणकाचा प्रश्न. ग्रंथालयातील यंत्रावर बहुधा सारे वाचक एकाच खात्याने काम करतात. तेथे आपल्या पेन ड्राइव्हवरील प्रोग्रॅम कायमचा जोडून ठेवला आणि पेन ड्राइव्ह काढून नेला, तर पुढे बसणाऱ्या वाचकाला साधी पीडीएफ उघडताना अडखळावे लागते, आणि बिघाड कोठे आहे हे त्याला किंवा ग्रंथपालाला उमगत नाही. अशा ठिकाणी जोडणी मुळीच करू नये. फाईल माउसने ओढून पोर्टेबल प्रोग्रॅमच्या चिन्हावर सोडावी. विंडोज तो प्रोग्रॅम चालू करते आणि फाईलचे नाव त्याच्या हाती देते. दप्तरातील जोडणीला धक्का लागत नाही. प्रोग्रॅम अगोदर चालू करून त्याच्याच यादीतून फाईल उघडली तरी तेच साधते. चुकून जोडणी झालीच असेल, तर उठण्यापूर्वी पुन्हा ‘प्रॉपर्टीज’ उघडून पूर्वीचा प्रोग्रॅम निवडावा, आणि मगच पेन ड्राइव्ह काढावा.